त्यांच्या डोक्याचा दाखला

खंडेनवमीचा दिवस. बंगल्याच्या पडवीत पाटावर हत्यारं मांडलेली. दोन तलवारी, एक भाला आणि आबासाहेबांची बारा बोअरची बंदूक. सकाळी तेल लावून, फडक्यानं घासून ती मीच लखलखीत केली होती. पूजेला मात्र मी पायरीखाली. आमच्या जातीच्या माणसानं हत्यार घासायचं. हळदकुंकू त्यांनी वाहायचं.

आरती झाली. आबासाहेबांनी बंदूक उचलली आणि नळी माझ्या छातीवर रोखली.

"पळ," म्हणाले.

पाय जागचे हललेच नाहीत. पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "आवं, ड्रायव्हरला उडवलं तर आमाला घरी कोन सोडनार?"

सगळे हसले. आबासाहेबांनी चाप ओढला. खट्. रिकामी होती. पण माझी पँट ओली झाली. लग्नाची लेक असलेला माणूस मी, भर दिवसा, चारचौघांत.

"अरं, ह्येनं तर पायरी धुतली!"

पुन्हा हसणं. मीही हसलो. ते जास्त लागतं अजून.

दारात वहिनीसाहेब उभ्या होत्या. आबासाहेबांची बायको. त्या हसल्या नाहीत. चाप ओढायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि खांदे आवळले होते. सवय असल्यासारखे. तेवढ्यावरून मला कळलं, ही नळी एरवी कुणावर रोखली जाते ते.

आता सांगतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. ती बंदूक त्यांना मी मिळवून दिली होती.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात. दुष्काळात बाप उंब्रजच्या बाजूला आला, आबासाहेबांच्या उसात राबला, तिथंच मेला. मी गाडीवर लागलो. घर त्यांच्या जागेत. लेकीला नर्सिंगला जागा मिळाली ती त्यांच्या शब्दावर. 'नाही' हा शब्द आमच्या घरात कधी वापरात नव्हता.

बंदुकीच्या लायसन्सला डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. आबासाहेबांना तेच झोंबलं.

"आमच्या घरातली मानसं पल्टनीत गेलेली. आन् आमी येड्याच्या डॉक्टरम्होरं बसायचं?"

खरं कारण दुसरं. प्यायले की त्यांच्या घरात काय चालायचं ते मळ्यापर्यंत ऐकू यायचं. डॉक्टरनं नीट विचारलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. लायसन्सची कामं करणाऱ्या एजंटानं तोड काढली. माझं नि आबासाहेबांचं वय सारखं, अंगलट सारखी. "ह्येला बसवा तुमच्या जागी. फोटोचं मी बघतो."

मला त्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, "बसा, आबासाहेब." जन्मात पहिल्यांदा कुणी मला आबासाहेब म्हणालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"झोप लागते?"

"लागते."

"राग येतो?"

"नाही."

"घरात सगळं ठीक?"

वहिनीसाहेबांचा सुजलेला गाल डोळ्यांपुढं आला. म्हणालो, "ठीक."

डॉक्टरनं मान वर न करता सही केली. माझी झोप, माझं शांत डोकं त्यांच्या नावावर झालं. बापानं त्यांच्या मोळ्या वाहिल्या. मी त्यांचं डोकं वाहिलं.

त्या खंडेनवमीनंतर झोप गेली. गाडी चालवताना डुलक्या यायच्या. आबासाहेबांनी पाहिलं. "येडा झालास काय रं?" चारचौघांत विचारायचे. झोप उडाली म्हणून मी येडा. बायकोच्या कानशिलाला नळी लावणारा माणूस मात्र शहाणा. दाखल्यासकट.

यंदा त्यांना पिस्तूल हवं झालं. पुन्हा दाखला, पुन्हा मिरज. ते खाली गाडीत एसी लावून बसले. मी वर गेलो, त्यांच्या नावानं. या खेपेला डॉक्टर बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी एजंटाला बाहेर बसवलं, दार लावलं. त्यांना घाई नव्हती. झोप विचारली, दारू विचारली. मग म्हणाल्या,

"तुमच्या बायकोला तुमची भीती वाटते का?"

त्या थांबल्या. त्यांचं थांबणं मला सोसेना.

"वाटते," मी म्हणालो. "पण ती माझी बायको नव्हं. मी तो माणूस नव्हं, बाई. तो खाली गाडीत बसलाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही लिहून द्याल?"

"देतो."

दिलं.

खाली आलो. काच खाली झाली.

"झालं?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"तुमचं डोकं तुमचं तुमी दाखवा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग चेहरा लाल झाला. "माजलास व्हय रं? पोरीचं कॉलेज कोनामुळं चाललंय? घर कोनाच्या जागंत हाय?"

तरी गाडीची माझ्याजवळची दुसरी किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागलो. मागून शिव्या येत होत्या. माझ्या आईवरून, माझ्या जातीवरून. वळून बघितलं नाही.

स्टँडवरून वहिनीसाहेबांना फोन लावला. आधी म्हणालो, ते घरी यायच्या आत बाहेर पडा. मग पहिल्या दाखल्याचं सांगितलं, सगळं, आणि आता ते कचेरीत जाऊन कबूल करणार हेही.

"तवाच न्हाई म्हनला असता तर?" त्या म्हणाल्या.

"म्हनायला पायजे हुतं," मी म्हणालो.

"मी सांगलीला भावाकडं निघते," त्या म्हणाल्या. "आन् तुमी सांगायला जाल तवा माजं नाव झाकू नगा. मी बी सांगनार हाय."

मी माफी मागितली नाही. त्यांनी दिलीही नाही. ते बरोबरच झालं.

पिस्तूल अडलं. पण बंदूक अजून त्यांच्या कपाटात आहे, माझ्या तोंडच्या उत्तरांवर उभी. उद्या साताऱ्याला कलेक्टर कचेरीत जाणार. लायसन्स जिथं देतात त्याच टेबलापुढं उभा राहून सांगणार की त्या खुर्चीत आबासाहेब नव्हते, मी होतो. गुन्हा माझ्यावरही होईल. होऊ दे. घर जाईल, जाऊ दे. लेकीशी बोललोय. ती 'जाऊ नका' म्हणाली नाही.

कचेरीतल्या साहेबांना एवढंच म्हणणार आहे. आधी ती बंदूक उचला. मग मला.