पहिला घास सत्यभामाबाईंचा

साकोलीच्या बसस्टँडवर होते, तेव्हा मंदाचा फोन आला. "सिस्टर, सासूबाई गेल्या." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. सत्यभामाबाईंच्या घरात आधी काम उरकायचं, रडायचं मग... महिना होत आला त्याला. एकोडीच्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून आले, तेव्हापासून सत्यभामाबाईंची आणि माझी ओळख होती आणि भांडणंही.

मंदाची लागोपाठ दोन बाळंतपणं झाली होती. अंगात रक्त नव्हतं. इतक्यात तिसरं झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिनं पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेतलं. पुढच्या इंजेक्शनला मात्र आलीच नाही. घरी गेले तर ती पडवीत वेगळी बसलेली. इंजेक्शननं मधेच रक्ताचा डाग जायचा. डाग दिसला की विटाळ, चूल बंद, अंथरूण वेगळं. नवरा वैतागला होता. "अर्धा महिना बाहेरच बसून राहते. असली दवाई पाहिजे कायले?" गावातल्या कित्येक जोडप्यांनी गोळ्या, तांबी अशीच सोडली होती. डाग धोक्याचा नाही, हे मी तपासून सांगू शकत होते. चूल माझ्या हातात नव्हती.

ती सत्यभामाबाईंच्या हातात होती. त्यांनी विचारलं, "डागानं जीव जाते का?"

"नाही."

"अन् बाळंतपणानं?"

"जाऊ शकतो."

 रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंदाला रांधायला लावलं आणि जेवण घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आल्या. फेरीवर निघालेली मीही तिथंच होते. रोवणाऱ्या बाया हात धुऊन बसल्या. एकीनं टोचलंच, "काकी, सून बाहेर हाय ना वं? मंग रांधलं कोनं?"

"तिनंच."

हात थांबले. "धानाले विटाळ लागन ना बाप्पा!"

"धान मेलं तं पुन्हा रोवीन. सून कोठून रोवू?" म्हणत त्यांनी पहिला घास घेतला. दोघी उपाशी उठल्या, बाकीच्या जेवल्या. पुढच्या इंजेक्शनला नवरा स्वतः मंदाला गाडीवर घेऊन आला.

सत्यभामाबाईंच्या तेरवीला गेले तेव्हा मंदा चुलीपाशी होती. एका मावससासूनं खालच्या आवाजात विचारलं, "तू बाहेर हायेस म्हणे?"

"हाव," मंदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "भात मीच रांधला. वाढू?"

पंगतीतून कुणी उठलं नाही.