बयनामावशीचा घोट

आमची बयनामावशी खोटं बोलायची नाही, पण तिने पहिल्यांदा पाहिलेल्या चर्चची उंची मात्र दर खेपेला वाढवून सांगायची. मी लहान होते तेव्हा ते चार पुरुष उंच होतं. माझं लग्न झालं तोवर त्याच्या छताला नजर पोचेनाशी झाली. "मोजलं होतंस का गं?" असं चिडवलं की म्हणायची, "मोजाचं भान कोनाले होतं व, पोरी?"

गोष्ट निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या दहाएक वर्षं आधीची. भैंशाकडच्या एका गावात, मांगवाड्यात, मावशी शिंदीच्या केरसुण्या बांधायची. पास्टर भगवंतराव बैलगाडीने यायचे आणि लिंबाखाली बसून प्रार्थना शिकवायचे. कार्तिकात त्यांनी तिला ओढ्यावर बाप्तिस्मा दिला आणि सांगितलं, "आता रविवारी चर्चमधी या. प्रभुभोजन हाय." प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा एकेक तुकडा आणि एकाच पेल्यातला एकेक घोट, सगळ्यांनी मिळून घ्यायचा. ते ऐकल्यापासून मावशीला एकच घोर लागला. एकाच पेल्यातून? मग आपल्यानंतर पिणार कोण?

तिच्या भीतीला कारण होतं. गावात तिला पाणी मिळायचं ते पाटलांच्या दारात, उकिडवं बसून, ओंजळ तोंडाशी धरून. पाटलांची सून देवकाबाई तांब्या हातभर उंच धरून ओतायची. बाई वाईट नव्हती, कधी गुळाचा खडाही टाकायची. पण एकदा ओंजळीतला शिंतोडा उडून तांब्याला लागला, तेव्हा मावशीच्या डोळ्यांदेखत तिने तो राखेने तीनदा घासला. गूळ मावशी विसरली, राख विसरली नाही. मला तर त्या तांब्याचा अजून राग येतो.

रविवारी पहाटेच निघून ती चार कोस चालली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून काखेत एक नवी केरसुणी. फाटकाबाहेरच वहाणा काढल्या आणि दाराशी, पायपुसण्याजवळ बसली. पास्टर बाहेर आले.

"बयनाबाई, भायेर काऊन बसल्या? अंदर या."

कुणाच्या दारात तिला जन्मात कुणी 'या' म्हटलं नव्हतं. 'ये' सुद्धा कमीच, 'थांब तिथंच' हेच जास्त.

ती आत गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, वर सागाच्या लांबच लांब तुळया, उंच खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन. तिचा पाय त्या उन्हात पडला, तिची सावली बायकांच्या रांगेवर पडली, आणि कुणी अंग चोरलं नाही. मग सगळी माणसं एका सुरात गाऊ लागली. गाण्याचा आवाज वरून फिरून परत अंगावर आला तसं मावशीला रडूच फुटलं. एवढी मोठी जागा आपल्यालाही उघडी आहे, हे तिच्या छातीत मावेना.

प्रभुभोजनाला बायका पुढे जाऊन ओळीने गुडघे टेकून बसल्या. मावशीने उजवीकडे पाहिलं. शेजारी देवकाबाई! नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं, एवढंच मावशीला ठाऊक होतं. आजारात मिशनच्या दवाखान्यात येऊन ती इथलीच झाली, हे कुणी सांगितलं नव्हतं. पेला डावीकडून येत होता. मावशीनंतर पाळी देवकाबाईची.

पेला आला. मनुका उकळून केलेलं काळसर पाणी होतं त्यात. मावशी सवयीने उकिडवी झाली आणि ओंजळ तोंडाशी धरली.

"वरतून टाका जी," ती म्हणाली.

पास्टर हळूच म्हणाले, "हाती घ्या, बाई."

दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायची तिची ती पहिलीच वेळ. पेला थंड होता आणि तिला वाटलं होतं त्याहून जड. एक घोट घेऊन तिने तो परत दिला. प्रत्येकीनंतर पास्टर पेल्याची कड पांढऱ्या फडक्याने पुसत, तसं त्यांनी फडकं उचललं. मावशीला एकदम ती राख दिसली. तिने डोळे मिटून घेतले.

"पुसू नका जी," शेजारून देवकाबाईचा आवाज आला. "तसाच द्या."

मावशीने डोळे उघडले. तिचे ओठ जिथे लागले होते, नेमके तिथेच ओठ लावून देवकाबाई पीत होती.

"मग? काय बोललात तुम्ही दोघी?" मी दर वेळी विचारायची.

"दोघी बी रडून राह्यलो होतो."

मावशी परत चार कोस चालत आली. डोक्यावर ऊन होतं, वाटेत ओढा होता, तो ओलांडूनच यावं लागायचं.

"तहान तं लय लागली होती," ती सांगायची. "पन घरी येईस्तोवर पानी नाई पेली मी. तोंडातली चव जाईन म्हनून."