नावाडीण गप्प राहिली तेव्हा

साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे ‘कानामात्राकाका’ म्हणत, आणि घाईत असले की नुसतंच ‘काका’. सत्तावीस वर्षं ते तिथं मुद्रितं तपासत आले होते. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डोक्याशी त्यांची खोली. उत्तरेला एक लांबट खिडकी होती. तिच्यातून दिवसभर एकसारखा, दुधात पाणी घातल्यासारखा उजेड यायचा, आणि त्या उजेडात काका ओठ हलवत वाचत बसायचे. मजकूर डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायचा, असं त्यांचं म्हणणं. चूक आधी ऐकू येते, मग दिसते. वाचता वाचता ते कधी कधी थांबत आणि खिडकीकडे पाहत राहत. पाहणाऱ्याला वाटे, डुलकी लागली. ते एखादं वाक्य पुन्हा ऐकत असत.

साप्ताहिकात खेळांचं एक पान होतं. मैदानावरचे नव्हेत, पडद्यावरचे. ते पान लिहिणारी मुलगी काकांच्या पुतणीच्या वयाची; तिला कचेरीत ‘खेळवाली’ म्हणत. हुशार, तिखट, आणि ऱ्हस्वदीर्घाशी तिचं उभं वैर. काका तिच्या वेलांट्या दुरुस्त करत आणि ती त्यांना चहा पाजे. असं चाललं होतं.

त्या वर्षी ‘नावेत एक जागा’ नावाचा खेळ आला. एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. पाच भाग, दर दोन-तीन महिन्यांनी एक. गोष्ट एका नावाडिणीची. नदीचं पाणी चढतंय, गाव हळूहळू बुडतंय, आणि प्रत्येक खेपेला नावेत एकच जागा उरलेली, काठावर मात्र दोन माणसं. कुणाला घ्यायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. पडद्यावर तीन उत्तरं येतात, खाली वातीसारखी एक रेघ जळत जाते, आणि ती विझायच्या आत एक उत्तर दाबायचं. जसं दाबाल तशी गोष्ट वळेल, असं बनवणाऱ्यांचं वचन.

पहिल्या भागाला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्याला ‘बरा आहे’ म्हणाले. तिसऱ्याची मात्र सगळ्यांनी मिळून सालटी काढली. निवड नुसती दाखवायची, म्हणे. याला घ्या की त्याला घ्या, शेवटी सगळे त्याच घाटाला लागतात. खेळवालीनं तर लिहिलं, ‘नाव मोठं, लक्षण खोटं. तीन भाग झाले तरी नावाडिणीला गावातला प्रत्येक माणूस “तुम्ही” म्हणतो. नाती बदलतच नाहीत, मग निवडीचं सोंग कशाला?’

काकांचा एक नेम होता. अवतरणचिन्हात काही आलं, की मूळ पाहिल्याशिवाय ते पुढे सोडत नसत. ते पान हातात घेऊन उठले.

“पोरी, हे ‘तुम्ही’ कुठं म्हटलंय? मला दाखव.”

“काका, सगळीकडे आहे. विश्वास ठेवा की.”

“विश्वास तुझ्यावर आहे. अवतरणावर नाही.”

ती हसली. तिला बाहेर जायचं होतं. तिनं त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, पहिला भाग अगदी सुरुवातीपासून लावून दिला आणि गेली.

आधी पाणी आलं. कानांत वल्ह्याचा आवाज, मंद, दोन श्वासांमध्ये एकदा. मग धुकं, आणि धुक्यात हळूहळू उमटत गेलेला काठ. काठावर एक म्हातारे मास्तर आणि एक गरोदर बाई. दोघं बोलले. पडद्यावर तीन उत्तरं आली. काका ती वाचू लागले. दुसऱ्या उत्तरात ‘बसुन’ लिहिलं होतं, ‘सु’ ऱ्हस्व. तिसऱ्यात पूर्णविराम नव्हता. ते टिपून घ्यायला त्यांनी कागद ओढला, आणि वर पाहिलं तोवर वात विझली होती.

आता खेळ संपला, असं त्यांना वाटलं. तो संपला नाही. नावाडीण गप्प उभी राहिली. नदीही जराशी गप्प झाली. मग मास्तर आपणहून मागे सरले आणि बाईला म्हणाले, “चढ.” नावाडिणीकडे वळून त्यांनी म्हटलं, “बरं झालं तू बोलली नाहीस. तुझ्यावर कशाला ते ओझं?”

तू! काकांनी ते ऐकलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

पुढे त्यांनी तेच केलं. मुद्दाम नाही, वाचायला त्यांना वेळच लागायचा. प्रश्न येई, ते उत्तरं ओठ हलवत वाचत, वात विझे, आणि प्रत्येक वेळी काठावरची माणसं आपापसांत काहीतरी ठरवत. कुणी भांडून, कुणी रडून, दोन बहिणींनी तर लांब-आखूड काड्या ओढून. आणि एकेक करून सगळी नावाडिणीला अगंतुगं करू लागली. तिच्या शेजारी येऊन बसू लागली. आपली गुपितं सांगू लागली, कोण घर सोडताना काय विसरलं, कोण काय मुद्दाम मागे ठेवून आलं. खोलीतला उजेड जागचा हलत नव्हता. काकांना वाटलं, खुर्चीखालून पाणी सरकतंय आणि कचेरीतली टेबलं, कागदांचे गठ्ठे, पंखा सगळं संथपणे वाहत चाललंय, आणि त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

खेळवाली परतली तेव्हा पहिला भाग संपत आला होता. ती मागे उभी राहून पाहू लागली आणि पाहतच राहिली.

“हे काय आहे? हा प्रसंग कुठून आला?”

“कुठून म्हणजे? खेळातच आहे.”

“काका, तुम्ही काय निवडलंत?”

“काही नाही. मी वाचत होतो.”

ती मटकन शेजारच्या स्टुलावर बसली. तिन्ही भाग ती दोन-दोनदा खेळली होती, बाकीचे समीक्षकही. पण सगळ्यांनी काही ना काही दाबलं होतं. खेळ म्हटला की माणूस दाबतोच. गप्प बसून पाहावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिचं परीक्षण त्या अंकात छापलं गेलं नाही. त्याऐवजी काकांनी तिच्या आग्रहानं एक टिपण लिहिलं, सत्तावीस वर्षांतलं पहिलं. साधंच होतं. नावाडीण बोलली की लोक तिला मान देतात, ती गप्प राहिली की जवळ येतात, तपासून पाहा. खाली शुद्धलेखनाच्या सतरा चुकांची यादी.

मग मोठी गंमत उडाली. काही समीक्षकांनी पुन्हा खेळून आपलं म्हणणं मागे घेतलं. काही चिडले, गप्प बसणं ही काय निवड झाली, हा तर आळस, असं लिहिलं. एकानं तर म्हातारा थापा मारतोय असंच ठोकून दिलं, आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्यानं माफी मागितली. काका ही सगळी कात्रणं घरी नेत आणि काकूंना वाचून दाखवत.

काकू म्हणाल्या, “गप्प बसण्याबद्दल कौतुक? इतकी वर्षं मी तेच सहन करतेय, माझं कौतुक कोण करणार?”

एका सकाळी कचेरीत फोन आला. बाईचा आवाज, जरा बसलेला.

“सतरा नाहीत, अठरा आहेत,” आवाज म्हणाला. “‘आशीर्वाद’ राहिला तुमच्याकडून.”

खेळाचे संवाद लिहिणारी ती. गप्प राहण्याची वाट तिनं सगळ्यात जीव लावून लिहिली होती, एकटीनं, वर्षभर. ती कुणाच्या नजरेलाच पडेना, तेव्हा तिसऱ्या भागानंतर तिनं काम सोडलं होतं. काकांचं टिपण वाचून ती परत गेली होती. चौथा भाग तिनं लिहून दिला होता; पाचवा अजून हातात होता.

“तुम्हाला शेवट कसा हवाय?” तिनं विचारलं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. ती हसली. “बरोबर. तुम्हाला विचारून उपयोग नाही.”

पाचवा भाग आला तेव्हा खेळवालीनं आपला लॅपटॉप काकांच्या घरी पोचवला. रविवारची दुपार होती. काकू शेजारी येऊन बसल्या. शेवटच्या प्रसंगात पैलकाठावर नावाडिणीची सख्खी बहीण उभी असते, जी पहिल्या पुरातच हरवली होती. ती विचारते, “मी येऊ का?” उत्तरं दोनच, ‘ये’ आणि ‘नको’.

वात जळू लागली.

“अहो, दाबा!” काकू म्हणाल्या. “वाचायचं काय आहे त्यात? दोन तर शब्द!”

काकांचं बोट बटणावर होतं. खाली गेलं नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. धुक्यात ती बहीण त्यांना इतकी नीट दिसत होती, की कुठलाही शब्द उच्चारला तर ती पुसली जाईल असं वाटलं. वात विझली. बहिणीनं क्षणभर वाट पाहिली, पाठ फिरवली आणि चालत गेली. रिकामी नाव पाण्यावर हलत राहिली, बराच वेळ.

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटावर समीक्षक पुन्हा दुभंगले. ज्यांना गप्प राहण्याची वाट आता कुठं आवडू लागली होती, ते म्हणाले दगा झाला. खेळवालीनं भरभरून स्तुती केली. काकांना तिनं शेजारचा अर्धा रकाना दिला. त्यांनी चारच ओळी लिहिल्या, आणि शेवटची अशी होती : ‘मला हा शेवट आवडला नाही. पण तो तीनदा तपासला, चूक सापडली नाही.’

संवाद लिहिणाऱ्या बाईचं पत्र आलं. खेळावर आतापर्यंत आलेल्या सगळ्या परीक्षणांतली हीच एक ओळ तिनं जपून ठेवली होती. तिच्या नव्या कामाचं मुद्रित काकांनीच तपासावं, असंही खाली लिहिलं होतं. काकांनी होकार कळवला, परतीच्या टपालानं.

लॅपटॉप परत करायच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, “सरका. मला पहिल्यापासून लावून द्या.” त्या भराभर दाबत सुटल्या. मास्तरांना आज्ञा केली, बाईला दटावलं, दोन बहिणींना एकत्र बसवून नावच बुडवायची वेळ आणली. काका आरामखुर्चीत रेलून ऐकत होते. पडद्यावरचा उजेड काकूंच्या गालावर हलत होता. वल्ह्याचा आवाज येत राहिला, दोन श्वासांमध्ये एकदा, आणि भर दुपारी काकांचे डोळे मिटत गेले. झोपेत त्यांना ऐकू आलं, काकू नदीच्या मधोमध कुणाशी तरी कडाकडा भांडत होत्या.