सणसरला भरलेली जगाची सभा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती आणि पुण्यातल्या आमच्या कॉलेजात जगाचे प्रश्न सोडवायचं काम आम्ही विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय अभ्यास मंडळ! प्राध्यापक फक्त सही करायचे, बाकी सगळा कारभार समित्यांचा. विषय समिती, प्रवास समिती, भोजन समिती. भोजन समितीत यायला सगळे एका पायावर तयार. प्रवास समितीत कोणी फिरकेना, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. वर सभेचा अध्यक्षही मीच, कारण मला भाषण येत नव्हतं.

सभा म्हणजे प्रत्येकाने चिठ्ठी उचलून एकेक देश व्हायचं, यथेच्छ भांडायचं आणि शेवटी हात वर करून ठराव करायचा. त्या वर्षी ती खेड्यात भरवायचं ठरलं आणि मी बेधडक आमच्या सणसरचं नाव दिलं. त्यात माझा स्वार्थ होता. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निरोप धाडला होता की उसाचं काम एकट्याला रेटत नाही, नाताळच्या सुट्टीत आलास की परत जायचं नाही. सभा बघून त्यांचं मन फिरेल, अशी मला वेडी आशा होती.

बारामतीपर्यंत छोट्या रेल्वेने आणि पुढे बैलगाड्यांतून अकरा देश हाडं खिळखिळी करून घेत सणसरला पोचले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या, कागदी झेंडे लावले. सारं गाव लोटलं. विषय होता एक नदी आणि दोन देश. वरच्या देशाचा प्रतिनिधी सदाशिव पेठेतला होता. तो ऐटीत म्हणाला, "नदी आधी आमच्याकडे येते, तेव्हा पहिलं पाणी आमचं!"

कालव्यावर जगणाऱ्या गावात हे बोलायचं धाडस अज्ञानीच करू जाणे.

"पयलं पाणी ह्याचं कसं? कोण हाय ह्यो?" मागून कोणीतरी गरजलं. पाठोपाठ निम्मं गाव उभं राहिलं. एक धनगर आबा काठी आपटत विचारू लागले, "दोन देस भांडत्याल, पर माझी मेंढरं पाणी कुठं पित्याल?" मेंढरांचा विचार विषय समितीने केलाच नव्हता. मी घंटा बडवली, पण कोणी ऐकेना.

शेवटी मी ओरडलो, "शेजपाळी लावतो! पाळीनं बोला!"

पटांगण एकदम शांत झालं. आमच्याकडे शेजपाळी म्हणजे कालव्यातून काढलेल्या चारीचं पाणी अगदी शेवटच्या शेतापासून सुरू होतं आणि एकेक शेत करत वर येतं. दुसऱ्याच्या पाळीत कोणी हात घालत नाही. मी चारीच्या टोकाच्या शेतकऱ्याला पहिल्यांदा बोलायला लावलं. तेवढ्यात तात्या उठले. आमचं शेत चारीच्या तोंडाशी, म्हणजे त्यांचा क्रम सगळ्यांत शेवटी.

"तात्या, तुमची पाळी अजून आली न्हाय. खाली बसा."

बोलून गेलो आणि मग उमगलं. भर गावात बापाला खाली बसवलं. कॉलेज तिथेच संपलं म्हणायचं. तात्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ते खाली बसले.

तासभर लोक बोलले. पाणी खालच्या देशापासून सुरू करावं आणि मेंढरांना दोन्ही देशांत मज्जाव नसावा, असा ठराव झाला. वरच्या देशानेही गुपचूप हात वर केला.

मग तात्यांची पाळी आली. ते सावकाश उठले, पागोटं सारखं केलं.

"पाण्याचं झालं. आता माझा एक ठराव. ह्या अध्यक्षाला परत पुण्याला धाडायचा का न्हाय? उसाचं मी बघून घेतो. व्हय म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

आणि पहिला हात त्यांनीच वर केला.

हात मोजायचं काम अध्यक्षाचं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे मला काही धड दिसेना. एवढं मात्र दिसलं की बायकांच्या बाजूला आईने दोन्ही हात वर केले होते. आमच्या नियमात एका माणसाला एकच मत होतं. मी दोन्ही धरले.