आवटीकाकांनी अडवलेला जिना

अन्याय झाला तो श्रीधर आवटी यांच्यावर. गेल्या वसुबारसेला, दुपारी साडेचार वाजता, चाळीसेक मराठी माणसांच्या देखत. आमच्या मंडळाचे अध्यक्ष मिलिंददादा म्हणाले, "काका, आजपासून मंडळाच्या कुठल्याही कामात तुम्ही नको." कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. माझ्या हातात चकल्यांची परात होती आणि मी ती धरून नुसती उभी राहिले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी इतरांवर ओरडेन तेव्हा माझंही नाव त्यांच्यात धरा.

आवटीकाका सांगलीजवळच्या हरिपूरचे. मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीत एका पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं. ठेंगणे, तुरुतुरु चालणारे, बोलताना समोरच्याची बाही धरून ठेवणारे. राहायला आयफेलमध्ये, म्हणजे कोब्लेंझच्या पश्चिमेला जे डोंगर आहेत तिथे. आणि हे डोंगर म्हणजे ज्वालामुखी आहेत. हो, जर्मनीत ज्वालामुखी! आपल्यातल्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. घर शोधताना आपण शाळा बघतो, स्टेशन बघतो, स्वयंपाकघर मिळतंय का ते बघतो. खालची जमीन कोण बघतं? काका बघायचे.

मी इथे शिकायला आले तेव्हा अर्धी जमिनीखाली असलेली खोली घेतली. सामान हलवायला मंडळातून कोणाला तरी पाठवा म्हटलं, तर काका आले. माझं खोकं त्यांनी बाहेरच ठेवलं. पिशवीतून मोबाइलएवढं एक यंत्र काढून ते दोरीने पायऱ्यांवरून खाली सोडलं, वर ओढलं, आकडा वाचला. मग साखळ्यांना टांगलेला पितळेचा छोटा दिवा काढला, पेटवला आणि तोही तसाच खाली सोडला. मला वाटलं, वास्तुशांत चालली आहे.

"काका, मी नास्तिक आहे."

"मग काय झालं? श्वास घेतेस ना?"

दिवा खाली नीट जळत राहिला तेव्हा कुठे त्यांनी खोकं उचललं. "दिवा उतरल्याशिवाय माणूस उतरत नाही," असं म्हणाले आणि माझ्याआधी खाली गेले.

ही रीत हरिपूरची. तिथे हळद पेवात साठवायचे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं खोल कोठार, तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं. बंद पेवात हवा कोंदटते, म्हणून ते उघडलं की आधी दिवा सोडायचा. विझला तर कोणी उतरायचं नाही. "आमच्या आळीत एक हमाल घाईघाईत तसाच उतरला," काकांनी मला सांगितलं. "वर येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. एका पेवात दोघं गेले. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून मला जमिनीची नाही, घाई करणाऱ्या माणसाची भीती वाटते."

पण दिव्यावर त्यांचा आंधळा विश्वास नव्हता, हे नीट ऐका. "दिवा विझला तर उतरायचं नाही, हे पक्कं. जळतोय म्हणजे सगळं झकास, असं मात्र नाही हां. दिवा जळत असतानाही माणूस आडवा होतो. म्हणून आधी यंत्र. दिवा आपला लोकांना दिसावा म्हणून. आकड्याला कोण घाबरतं? ज्योत गेली की मात्र सगळे गप होतात."

एका रविवारी ते मला 'लाखर झे' इथे घेऊन गेले. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं मोठं, शांत तळं. पूर्वेच्या काठाला पोचताच हा साठीचा माणूस चक्क पळत सुटला! "बघ, बघ की! तिकडं नाही, हितं, पाण्यात!" तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या, सोडावॉटरसारख्या. काका गुडघ्यांवर बसले आणि हसायला लागले. "तेरा हजार वर्षांमागं हा फुटला, तर राख स्वीडनपर्यंत गेली. ऱ्हाईन अडली! नदी अडली गं, नदी! आपला सह्याद्री याच्याहून कितीतरी जुना, तो गप झालाय. हा झालेला नाही."

"म्हणजे फुटणार?"

"कधीतरी. उद्या फुटतोय असं कोणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. खोलवर हलतंय काहीतरी, यंत्रांना ऐकू येतं, लोक लक्ष ठेवून आहेत. पण ते राहू दे. आत्ता वर येतंय त्याचं काय? कार्बन डायऑक्साइड. रंग नाही, वास नाही, हवेपेक्षा जड. इथं उघड्यावर वारा नेतो. खड्ड्यात, तळघरात मात्र मांडी घालून बसतो. डोंगर फुटायची वाट बघत बसलेल्या माणसाला हे दिसतच नाही."

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. मथळा: 'ज्वालामुखीच्या जबड्यात आपली मुलं!' काकांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

"हे खोटं आहे."

"पण काका, लोक जागे होतात!"

"एकदा होतात. दुसऱ्यांदा हसतात. तू खरं तेवढंच लिही. आणि ते मोठ्यानं लिही."

माझी पत्रकं लिहिण्याची सगळी विद्या त्या माणसाने चार वाक्यांत निकालात काढली. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मथळा बदलला: 'तुमचा केलर मोजलात का?' केलर म्हणजे तळघर, इथे सगळे तसंच म्हणतात. मंडळाच्या गटावर टाकला. चार अंगठे आले, आणि मिलिंददादांचा निरोप आला की सणासुदीत निगेटिव्ह नको.

आता वसुबारस. मंडळाने दिवाळीसाठी एका गावातला हॉल घेतला होता. मुलांना स्पर्धेसाठी किल्ले करायचे होते. बाहेर गारठा, म्हणून हॉलखालच्या केलरमध्ये माती, दगड, विटा नेऊन टाकल्या. चार दिवस मुलं तिथे फरशीवर बसून राजगड, प्रतापगड रचत होती. काका कामावर होते, त्यांना हे त्या दिवशीच कळलं.

चार वाजता मुलं खायला वर आली. मिलिंददादांची सहा वर्षांची इरा चकलीला हात लावेना. भारतातून आलेली तिची आजी म्हणाली, "काय गं झालं?" इरा जर्मनमध्ये म्हणाली, "कॉप्फवे." डोकं दुखतंय. शेजारी काका होते. त्यांनी फोनवर हवेचा दाब बघितला. वादळ यायचं होतं, सकाळपासून दाब उतरत होता. दाब उतरला की जमिनीतला वायू सहज वर येतो, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. ते काही न बोलता पिशवी घेऊन जिन्याकडे गेले.

यंत्र खालून दुसऱ्या पायरीला किंचाळायला लागलं.

"बॅटरी गेली असेल काका," कोणीतरी म्हणालं. हशा. मग काकांनी दिवा सोडला. त्याच पायरीला ज्योत गेली. पुन्हा पेटवला, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा हॉलमध्ये चिडीचूप! आणि मग आजींचा आवाज: "अहो, वसुबारसेला दिवा विझवताय? अभद्र कुठले!"

"आई, मी नाही विझवत," काका त्यांना म्हणाले. "विझवणारा खाली बसलाय."

मिलिंददादा लाल झाले होते. "आल्झो, हे बघा काका, पुरे झालं. चार दिवस मुलं खाली खेळतायत. झालं का काही?"

"चार दिवस दाब चढा होता, मिलिंद."

"अहो, परीक्षक यायचेत पाच वाजता! सरका, मुलांना खाली जाऊ द्या."

काका वरच्या पायरीवर बसले. दोन्ही हात दोन्ही कठड्यांना. "माझ्या अंगावर पाय देऊन उतरवा पोरांना. सरकणार नाही."

तेव्हा ते वाक्य आलं: कुठल्याही कामात तुम्ही नको. काका म्हणाले, "बरं. फॉयरवेअरला फोन लागलाय, तेवढं बोलून घेतो." त्याच पायरीवर बसून त्यांनी अग्निशमन दलाला पत्ता सांगितला. उठले नाहीत.

पाचच्या सुमारास ते लोक आले. तोंडाला मास्क लावून खाली उतरले, मोजलं, आणि वर येऊन सगळ्यांनाच हॉलबाहेर काढलं. कोपऱ्यातल्या जुन्या मोरीतून वायू येत होता, आणि गुडघ्याएवढा थर साचला होता. फरशीवर बसलेल्या मुलाचं नाक कुठे येतं, ते तुम्हीच मोजा. काकांनी आपला आकडा सांगितला. दलाचा प्रमुख मान डोलवत म्हणाला, "गेनाऊ." बरोबर. पावसात उभ्या असलेल्या चाळीस माणसांनी ते ऐकलं. इराला त्यांनी तपासलं. ती ठीक होती. संध्याकाळी तिने भूक लागली म्हणून भोकाड पसरलं, आणि ते रडणं मला गाण्यासारखं वाटलं!

संपलं? नाही. गटावर निरोप आला: 'अग्निशमन दलाचे आभार. मुलं सुखरूप. किल्ला स्पर्धा रद्द.' काकांचं नाव नाही. आणि निर्णय कायम! कारण काय, तर त्यांनी भीती पसरवली, सणाचा विरस केला, हॉलचा मालक दुखावला. बरोबर असणं पुरेसं नव्हतं, त्यांनी ते सौम्यपणे असायला हवं होतं म्हणे. मुलांचा श्वास कोंडू द्यावा, पण मालकाचं मन दुखवू नये? कुठल्या तोंडाने आपण दिवाळीच्या शुभेच्छा देतो?

मी भडकून काकांकडे गेले. म्हटलं, माफी मागायला लावते सगळ्यांना. शोभाकाकू चहा गाळत होत्या, त्या म्हणाल्या, "लाव गं. यांना काही वाटत नाही, मला वाटतं." काकांनी माझी बाही धरली. "माझं सोड. यंदा दुसरा हॉल घेतलाय ना त्यांनी? त्याचा केलर कोणी मोजला, ते विचार."

मी विचारलं. तीनदा विचारलं. कोणीच मोजलेला नाही. नव्या हॉलखालीही तळघर आहे, मातीची पोती येऊन पडली आहेत, आणि यंदा जिन्यावर बसायला काका नाहीत. ते निवृत्त झाले, गेल्या आठवड्यात लेकीकडे ड्रेस्डेनला गेले. स्टेशनवर सोडायला आम्ही दोघी-तिघी होतो. निरोप समारंभ नाही, शाल नाही, भाषण नाही. गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "पत्रक लिहिलंस का? खरं तेवढंच ना?" दार लागलं. काचेआडून ते अजून काहीतरी सांगत होते, हात नाचवत, डोळे मोठे करून, त्या तळ्याकाठी सांगत होते तसे.

खरं तेवढंच लिहिलंय, काका. मोठ्यानं लिहिलंय.

आता तुम्ही, वाचणारे. त्या दिवशी हॉलमध्ये असाल तर आवटीकाकांना फोन करा आणि 'चुकलो' म्हणा. गटावर नको, तोंडाने. आणि आयफेलमध्ये कुठेही तुमचं मूल तळघरात खेळत असेल, तर त्या जागेच्या मालकाला आजच विचारा: इथला वायू कोणी मोजला, कधी मोजला, किती उंचीवर मोजला? उत्तर लेखी मागा. कागद नसेल तर मुलांना वर बोलवा. आत्ता. वाचणं इथेच थांबवा आणि हाक मारा.