मालगाडी उभी असताना

मी वालूरची. लग्न करून सेलूला आले तेव्हा सासरचं घर रुळाच्या पलीकडे आहे एवढंच ऐकलं होतं. त्याचा अर्थ कळायला काही दिवस जावे लागले. बाजार, शाळा, दवाखाना, महादेवाचं देऊळ, आमचे मालक कामाला जात ती कापसाची जिनिंग, सगळं गावात. आमची नवी वस्ती तेवढी रुळाच्या ह्या अंगाला. फाटकावरून जायचं तर मोठा वळसा पडे, म्हणून सगळे स्टेशनच्या टोकाजवळच्या पायवाटेनं रूळ ओलांडत.

अडचण मालगाडीची होती. लाइन एकच. समोरून प्रवाशांची गाडी यायची असली की मालगाडी बाजूच्या रुळावर घेत आणि ती बरोबर आमच्या पायवाटेवर आडवी उभी राही. कोळसा, सिमेंट, खत, काय काय भरलेलं असे. कधी ती लगेच हलायची, कधी अर्धी सकाळ खायची. कधी सुटेल हे कुणालाच सांगता यायचं नाही.

मग लोक डब्याखालून जायचे. मला हे मालकांनीच शिकवलं. आधी पिशवी पलीकडे सरकवायची, पदर घट्ट खोचायचा, वाकायचं आणि मध्ये थांबायचं नाही. पहिल्यांदा मी पिशवी सरकवून तशीच उभी राहिले होते. पुढे घरी शिवलेले ब्लाउज गावात पोचवायला मीही बिनदिक्कत जाऊ लागले. शाळेची लेकरं पाठीवरच्या दप्तरासकट रांगत जायची. आया ह्या बाजूला उभ्या राहून बघायच्या आणि पोरं पलीकडे उभी झाली की घरी परतायच्या. ह्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही. मालगाडी धडधडत जाताना फळीवरच्या ताटल्या वाजायच्या, फोनवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागायचं, वाळत घातलेल्या कुरडयांवर बारीक काळी धूळ बसायची. तसंच हेही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा सोमवार कधी चुकत नसे. बेल आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या देवळाला निघायच्या. गुडघे दुखत होते, तरी मालगाडीखालून जायच्या. शेजारीण मात्र त्यांच्याशी बोलत नव्हती. ती पिंगळीकडून आलेली, म्हैस पाळून गावात दूध घालायची. म्हैस आमच्या भिंतीला बांधण्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याला दोन पावसाळे उलटले होते. रस्त्यात समोरासमोर आल्या तरी दोघी तोंड फिरवायच्या.

त्या सोमवारी सकाळी मालगाडी उभीच होती. थोडं थांबू या, असं मी आत्याबाईंना म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही. मग मी पुढे होऊन वाकले, पलीकडे गेले आणि तांब्या घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तांब्या खालून सरकवून दिला आणि त्या वाकल्या. तेवढ्यात लांबून, इंजिनाच्या बाजूनं, खडखड ऐकू आली. एका डब्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला ओढल्याचा तो आवाज आमच्याकडे पळत आला. आमच्यापुढचा डबा हिसका खाऊन हलला.

मी ओरडले का, ते आठवत नाही. चाकांच्या मधून मला फक्त पलीकडच्या खडीवर काहीतरी पांढरं पसरताना दिसलं. मग चाकं भरभर फिरायला लागली आणि काही दिसेनासं झालं. डब्यामागून डबा जात होता. मी तांब्या छातीशी धरून उभी होते. पाणी अंगावर सांडत होतं, ते नंतर कळलं. ती गाडी किती लांब होती! घरी गेल्यावर मालकांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटचा डबा गेला तेव्हा त्या दोघी मला खडीवर बसलेल्या दिसल्या. शेजारणीनं आत्याबाईंना मागून कमरेला मिठी मारून धरलं होतं. दुधाची बरणी बाजूला उपडी पडली होती आणि दोघींची लुगडी दुधानं भिजली होती. ती दूध घालायला निघाली होती. आत्याबाई वाकलेल्या तिनं बघितल्या, आवाज ऐकला, हातातली बरणी टाकली आणि त्यांना मागं ओढलं.

मी धावत गेले. आत्याबाई गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसल्या होत्या. मग शेजारणीकडे न बघताच म्हणाल्या, "तुजं दूध सांडलं सगळं."

"दुधाचं काय मावशी," ती म्हणाली, "म्हैस सांजच्याला परत देतीय की."

आत्याबाईंना रडू फुटलं. शेजारीणही रडली. मी दोघींच्या मध्ये बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई घरातून स्टूल घेऊन निघाल्या. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "जाऊन बसते तिथं. लेकरं जायलेत खालून." पायवाटेच्या तोंडाशी त्या स्टूल टाकून बसल्या. गाडी उभी असली की एकाही पोराला खाली वाकू देत नसत. घाईतली मोठी माणसं त्यांना हसली, काही जण त्यांच्या समोरूनच वाकून गेले. त्यांना त्या अडवू शकल्या नाहीत. लेकरं मात्र ऐकायची. शेजारीणही येऊन उभी राहायची, आणि तिचा आवाज तर पलीकडच्या फलाटापर्यंत जायचा.

मग शाळेतून तक्रार आली की पोरं उशिरा येतात. मी आणि शेजारीण मोठ्या बाईंना भेटायला गेलो. नियम सगळ्यांना सारखा असतो, घरून लवकर निघा, असं त्या म्हणाल्या. गाडीला वेळच नसते हे आम्ही परोपरीनं सांगितलं, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही. दोन-चार दिवसांनी मात्र त्या स्वतः बघायला आमच्या वस्तीत आल्या आणि परत निघताना नेमकी गाडी आडवी लागली. आत्याबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. पोरं भोवती उभी राहून बाईंना पाढे म्हणून दाखवायला लागली. बाई गाडी सुटेपर्यंत बसल्या. निघताना म्हणाल्या, "गाडीमुळे उशीर झालेल्या पोराला कुणी बाहेर उभं करणार नाही. मी सांगते वर्गावर."

पुढे आम्ही बायका स्टेशन मास्तरांकडेही गेलो. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. लांब गाडीपुढे त्यांचा इलाज नव्हता, पण आखूड गाडी असली तर पुढे सरकवून उभी करायला सांगतो म्हणाले, आणि तसं बरेचदा झालंही. पायवाटेच्या जागी रुळाखालून रस्ता पाहिजे, हे मागणं त्यांनी वर कळवलं. आम्हीही जो पुढारी वस्तीत येईल त्याला तेच सांगत राहिलो. मध्ये बराच काळ काहीच हललं नाही. शेजारीण वैतागायची, मीही. आत्याबाई बसायला जायच्या थांबल्या नाहीत.

दुसरा रूळ टाकायचं काम निघालं तेव्हा पायवाटेजवळही खोदाई सुरू झाली. आता रुळाखालून माणसं जाण्यापुरता बोगदा झाला आहे. पावसाळ्यात त्यात घोट्याएवढं पाणी साचतं, आणि ते उपसायचं कुणी ह्यावर वस्तीत वाद चालू आहे. पण लेकरं डोक्यावरून मालगाडी धडधडत असताना गप्पा मारत शाळेत जातात. पहिल्या दिवशी आम्ही तिघी एकमेकींचा हात धरून गेलो. मधोमध असताना वरून गाडी आली. आत्याबाई थांबल्या, वर बघत म्हणाल्या, "जाऊ दे तिला. आपुन बी जाऊ."

आत्याबाईंना आता गावात जायला सोमवार लागत नाही. उतार आहे, कठडा धरून एकट्या जातात. परवा बाजारातून एवढे पेरू घेऊन आल्या की ठेवायला जागा नव्हती. एवढे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, लय चांगले होते. अर्धे पेरू त्यांनी पदरात बांधले आणि शेजारणीकडे गेल्या. स्वयंपाक झाला तरी आल्या नव्हत्या.