शर्टावरची फेणी

इनास गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. दुपारीच त्याच्या खाटेपाशी बसून आले होते, म्हणजे मनाची तयारी असायला हवी होती... पण कसली तयारी आणि कसलं काय! कपडे तिथंच टाकून धावले. गोव्यातल्या या लाटंबार्शात आमच्या वाड्यावर त्यांचं एकच ख्रिस्ती घर, आमच्या काजूच्या डोंगराच्या पायथ्याशी. मी पोचले तोवर ओसरी माणसांनी भरली होती. आत इनास खाटेवर, अंगावरचे कपडेही अजून बदलले नव्हते, आणि खोलीभर फेणीचा वास. माझ्यापुढं वाकलेले एक गृहस्थ सरळ झाले आणि शेजारच्याच्या कानाशी लागले, "शेवटाक पियेलोच मरे!" शेवटी प्यायलाच म्हणे! ज्या माणसानं अर्धं आयुष्य दारूच्या थेंबाला जीभ लावली नाही, त्याच्या उशाशी उभं राहून हे बोलणं! नाव घेत नाही त्यांचं. घेतलं तर लिहायचं राहील आणि भांडणच होईल. पण महिना होत आला तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

इनास आणि मी एका वयाचे. त्याचा बाप बार्देशातून आमच्या डोंगरावर काजूची भाटी लावायला आला आणि इथलाच झाला. व्हाळाकाठी त्यांची भाटी, म्हणजे बोंडांचा रस आंबवून त्याची पहिल्या धारेची हुर्राक आणि मग कडक फेणी काढायची चूल. बाप गेल्यावर ती इनासकडे आली आणि त्याबरोबर पिणंही आलं. पिणं म्हणजे कसलं, नुसता नाश! रोझालिन, त्याची बायको, दोनदा माहेरी निघून गेली. मग एका लेंताच्या उपासात, ईस्टरच्या आधी, त्यानं पिणं सोडलं आणि भाटीही सोडली. खाणीवरच्या ट्रकावर जाऊ लागला. आम्ही म्हटलं, सुटला बाबा! तर कुठलं? तिथं शीटखाली, टपरीच्या मागं, कुठून कुठून बाटली यायचीच, आणि तो पुन्हा पडला. पुढच्या हंगामात माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सुमा, हांव भाटी लायतां. पूण पिवचो ना."

"वेड लागलंय काय रे तुला?" मी ओरडलेच. "वाघाच्या गुहेत बसून म्हणे मी शाकाहारी!"

"थंय तो म्हज्या फाटल्यान येतालो," तो म्हणाला. तिथं तो, म्हणजे सैतान, माझ्या मागून यायचा. "हांगा मुखार बसतलो. दिसतलो तरी." इथं समोर बसेल, दिसेल तरी.

आणि इनास भाटीवर बसला की खरंच! फाल्गुन-चैत्रात सगळा डोंगर बोंडांच्या वासानं घमघमायचा, चूल धडधडायची, नळीतून धार पडायची, आणि हा समोर दगडावर बसून ओठ हलवत राहायचा. मी आमची बोंडं मोजून द्यायला जायची तेव्हा हटकून चिडवायची. "काय रे, चुलीशी बोलतोस की काय?" एकदा वैतागून त्यानं सांगितलं. येशू रानात उपाशी होता तेव्हा सैतान त्याच्याकडं आला, दगडाची भाकर कर म्हणाला, आणखी काय काय म्हणाला. दर खेपेला येशूनं आपल्या पदरचं काही सांगितलं नाही, पुस्तकात लिहिलेलं तेवढं सांगितलं. "सुमा, सैतानाकडेन आपल्या उतरांनी वाद घालूंक जायना. आपलीं उतरां ताका पाठ आसात." आपले शब्द त्याला पाठ आहेत... मी स्वतः तोंडाळ बाई. माझं सगळं आयुष्य आपल्या शब्दांनी वाद घालण्यात गेलंय. मला ते काही पटलं नाही. देवानं तोंड दिलंय ते कशाला मग? असं मी त्याला विचारलंही. तो हसला आणि चुलीत लाकूड सारून पुन्हा आपलं स्तोत्र पुटपुटू लागला, मेंढपाळ आणि हिरव्या कुरणाचं. रोमी लिपीतलं त्याचं जुनं बायबल घरी असायचं. भाटीवर नेलं तर भिजेल म्हणून तो सकाळी वाचून यायचा.

मधल्या कितीतरी वर्षांत काही झालं नाही. मग साखळी गावचा एक बारवाला आला. आमच्याकडं रीत अशी की हंगामाची पहिली हुर्राक भाटीवाल्यानं स्वतः पिऊन दाखवायची आणि मगच गिऱ्हाइकानं हात लावायचा. इनासचा हा घोट एरवी त्याचा चुलतभाऊ घ्यायचा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं. त्या दिवशी चुलतभाऊ तापानं पडलेला आणि बारवाला नवा. "जो आपली पीत ना, ताची म्हाका नाका," असं म्हणून करवंटी त्यानं इनासच्या हातात दिली. सोबतचे चार जण हसले. एकजण म्हणाला, एका घोटानं काय मरतोस? इनास करवंटी धरून उभा. ओठ हलत होते, पण करवंटी हळूहळू वर येत होती... मला दिसत होती ना वर येताना! मी पुढं झाले, ती हिसकावली आणि एका दमात पिऊन टाकली. खाली दाणकन टाकून म्हटलं, "झालं? आता घेऊन जा!"

लाटंबार्शातल्या शेतकरी घरातली, कपाळाला कुंकू लावलेली बाई, चार पुरुषांसमोर हुर्राक पिते! डोळ्यांतून पाणी आलं, घसा पेटला. सासूबाई पुढं पंधरवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते इनासचं. आभार राहू देत, हा माझ्यावरच भडकला. "तुका कोणें सांगिल्लें? ती म्हजी झूज आशिल्ली!" म्हणे माझी लढाई होती ती. तुझी लढाई, तर करवंटी वर का येत होती रे? असं मी विचारलं तर पाठ फिरवून गेला. पुढं बोलणं-चालणं सगळं सुरळीत झालं, पण हा विषय त्यानं पुन्हा काढू दिला नाही. मी मध्ये पडले नसते तर तो प्यायला असता की नसता? घरात, शेतात, देवळात जाताना हा प्रश्न मला टोचत राहिला. आज पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, हेही सांगून ठेवते.

आता त्या शेवटच्या दुपारचं. छाती भरली होती, खोकला थांबत नव्हता. पेडण्याहून त्याची मोठी बहीण आली होती. बिचारीचा काही दोष नाही. आमच्याकडं खोकल्याला फेणी कोमट करून, मिरी-गूळ घालून देतात, ती देताना दारू देतोय असं कुणाच्या मनातही येत नाही. तिनं चमचा भरला आणि त्याच्या ओठांशी नेला, "घे पुता, वखद तें." औषध म्हणूनच. मी उठलेच. हात पुढं गेलासुद्धा. आणि इनासनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, चादरीवरचं बोट जरासं उचललं. म्हणजे थांब. मी थांबले. कशी थांबले ते माझं मला माहीत! त्यानं तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांवर कलंडला, फेणी हनुवटीवरून शर्टावर. बहिणीला वाटलं, गिळता येत नाही. तिनं पुन्हा भरला, त्यानं पुन्हा मिटलं, पुन्हा शर्ट भिजला. मग रोझालिननं साध्या पाण्याचा चमचा पुढं केला. त्यानं तोंड उघडलं आणि प्यायला. दोन चमचे प्यायला! गिळता येत होतं त्याला. ऐकताय ना, कुजबुजणाऱ्यांनो?

हे मी गावभर सांगितलं. पोस्टात, पाणवठ्यावर, इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या पायऱ्यांवर. काही जणांनी मान डोलावली, काही जणांनी "बरं, बरं" म्हटलं, आणि त्या बरं-बरंनं माझी झोप उडाली. रोझालिन मात्र कुणाला एक शब्द बोलली नाही. परवा संध्याकाळी तिच्याकडं गेले आणि तिच्यावरच घसरले. तू का सांगत नाहीस? तुझा नवरा ना तो? तिनं मला पाट दिला. "सुमाबाय, देवाक खबर आसा," म्हणाली. मी म्हटलं, देवाचं ठीक आहे गो, गावाचं काय? तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तुका एक सांगूंक जाय. त्या हुर्राकेच्या दिसा तो घरा येवन रडलो. म्हणालो, उतरां यादच जालीं नात, रोझालिन. सुमान करटी वोडली ना जाल्यार हांव पियेतलों आशिल्लों."

म्हणजे त्याला शब्दच आठवले नव्हते, मी करवंटी ओढली नसती तर तो प्यायलाच असता. मग मला का नाही सांगितलं त्यानं? इतकी वर्षं?

"लजलो," ती म्हणाली. लाजला. "पूण त्या दिसा सावन..." त्या दिवसापासून काय, ते राहूनच गेलं. तिची तेर्साची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. कोपऱ्यातल्या अल्तारीपुढं मेणबत्ती लावून ती गुडघ्यांवर बसली. मी उठायला हवं होतं, पण उठवेना. प्रार्थना संपता संपता तिनं सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, इनासचं घेतलं. आणि मग, रोजची सवय असल्यासारखं, म्हणाली, "आनी आमच्या सुमा खातीर." म्हणून थांबली. इथं इनास आमेन म्हणायचा, हे तिच्या थांबण्यावरूनच कळलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, आमेन.